'हनुमान'ची दुसरी सीडी लंकेतच अडकते! आता घ्यावं काय आणि मिळेल कुठे?

बाळीवेसकर | ४ मे, रात्री १०:४२

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसता वाचनमात्र आहे, आज अडलंय म्हणून धागा काढतोय.

२००७ च्या गड्ड्यावर (आमच्या सोलापूरची सिद्धेश्वराची जत्रा), होम मैदानात पाळण्यांच्या रांगेच्या तोंडाशी एक सीडीवाला बसला होता. त्याच्याकडून मुलीसाठी 'हनुमान'ची व्हीसीडी घेतली. तोच, २००५ साली थेटरात आलेला व्ही. जी. सामंतांचा कार्टून पिक्चर. दोन सीड्यांचा संच. मुलगी तेव्हा तीन वर्षांची होती, आता पुण्यात नोकरीला लागली. सीड्या मात्र अजून घरात, कपाटात चादरीच्या घडीखाली.

या सुट्टीत बहिणीचा मुलगा आलाय, साडेचार वर्षांचा. आईने (वय ७४) हौसेने जुना प्लेअर माळ्यावरून काढायला लावला. पहिली सीडी एकदम झकास. दुसरी लंकेपर्यंत बरी चालते. शेपूट पेटवायची वेळ आली की पडद्यावर चौकोन चौकोन, आवाज 'क्क क्क क्क', आणि मग प्लेअर हात टेकतो. तीनदा पुसून झाली, तीनदा तिथेच.

मग आई पुढचं तोंडी सांगते. पदर कमरेला खोचून, हात फिरवून, लंका जाळते. भाचा टीव्हीकडे पाठ करून तिच्याकडे बघत बसतो. छान वाटतं, पण रोज दुपारी दोनदा लंका जाळून तिचा घसा बसलाय.

मोबाईलवर लावून बघितलं. उड्डाण घेतलं की बनियनची जाहिरात. शिवाय पोराचं बोट थांबत नाही, दोन मिनिटांत हनुमान सोडून कुठल्या तरी अंडी फोडणाऱ्या बाईवर जातो. आईचं म्हणणं, "त्यात घालायची सीडीच आण."

तर विचारायचं असं की मूळ डीव्हीडी अजून मिळते का? घेताना काय बघावं? आणि घरात आता जो नवा टीव्ही आहे त्याला लाल-पांढरी-पिवळी भोकंच नाहीत (सध्या बेडरूममधल्या जुन्या डबा टीव्हीवर चाललंय सगळं), त्याचं काय करायचं?

जुनीरीळ | ४ मे, रात्री ११:१५

विजापूर रोडला अकरा वर्षं माझी सीडी लायब्ररी होती, म्हणून हक्काने लिहितो.

आधी सांगा, सीडीची खालची बाजू कुठल्या रंगाची आहे? ट्यूबलाइटखाली तिरपी धरा. स्वच्छ चांदीसारखी असेल तर ती कारखान्यात साच्यावर काढलेली. जांभळट, निळसर किंवा पोपटी झाक मारत असेल तर कुणीतरी संगणकावर राइट केलेली. राइट केलेल्या सीडीत रंगाचा थर असतो, लेझर तोच भाजतो, आणि तो थर ऊन-उष्णतेने विटतो. सोलापूरच्या उन्हाळ्यात चादरीखाली ठेवली काय आणि नाही काय.

सगळे खालची बाजू पुसत बसतात. सीडीचा जीव वरच्या बाजूला असतो. छापील चित्राच्या लगेच खाली माहितीचा थर, आणि त्यावर लॅकरचा नुसता पापुद्रा. बॉलपेनने नाव लिहिलं किंवा चिकटवलेलं लेबल ओढून काढलं की थर उचलून येतो. माझ्याकडे परत आलेल्या निम्म्या सीड्यांवर पोरांनी हिरोला मिशा काढलेल्या असायच्या. बल्बसमोर धरून बघा, टाचणीच्या टोकाएवढा उजेड आरपार आला की तिथलं चित्र गेलं, मग ब्रह्मदेव आला तरी चालणार नाही.

डीव्हीडीचं तसं नाही. ०.६ मिमीच्या दोन चकत्या एकमेकींना चिकटवलेल्या, थर मधोमध. वरून बऱ्यापैकी सुरक्षित. ब्लू-रेचा थर खालच्या पृष्ठभागापासून फक्त ०.१ मिमीवर, म्हणून त्याला कडक लेप देतात.

व्हीसीडीची अजून एक खोड. साध्या डेटा सीडीत चूक सुधारायची जी जादा सोय असते ती व्हीसीडीच्या चित्राला नाही, जास्त मिनिटं बसावीत म्हणून काढून टाकलेली. म्हणून जरा काही झालं की चौकोन.

टूथपेस्ट लावू नका, हात जोडतो. मऊ सुती कापड, मधल्या भोकाकडून कडेकडे सरळ पुसायचं. गोल गोल नाही.

बाळीवेसकर | ४ मे, रात्री ११:३१

जांभळी आहे.

मधलामारुती | ४ मे, रात्री ११:३४

😂😂 गड्ड्यावरची सीडी, दुसरं काय निघणार ओ! कव्हर पण कलर झेरॉक्सचं असेल, बघा की.

बाळीवेसकर | ४ मे, रात्री ११:३८

होय, झेरॉक्सचंच आहे. एकोणीस वर्षं लक्ष गेलं नव्हतं. आता बघतोय तर मागचा मजकूर अर्धा कापला गेलाय. तीस रुपये दिले होते, तेही घासाघीस करून.

अनुस्वार | ५ मे, सकाळी ८:०५

गमतीत घ्यायची गोष्ट नाही. चोरीचा माल घेतला आणि आता तो टिकला नाही म्हणून तक्रार. ओरिजनल ओळखायला फार अक्कल लागत नाही. कॉपीराइट कायद्याच्या ५२अ कलमाप्रमाणे व्हिडिओ फिल्मच्या वेष्टनावर सेन्सॉर प्रमाणपत्राची प्रत, ती तयार करणाऱ्याचं नाव-पत्ता आणि हक्क ज्याचे आहेत त्याचं नाव-पत्ता छापावाच लागतो. १९८४ पासून आहे हे. जुन्या कव्हरांवर मागे कोपऱ्यात ते चिमुकलं प्रमाणपत्र दिसायचं, त्यावर 'यू' किंवा 'यूए' लिहिलेलं. ते नसेल तर हात लावू नये. आपल्या राज्यात तर २००९ पासून व्हिडिओ पायरसी करणाऱ्याला झोपडपट्टीदादांच्या कायद्यात, म्हणजे एमपीडीएत, स्थानबद्ध करता येतं.

मधलामारुती | ५ मे, सकाळी ८:४०

ताई, बरोबर आहे, पण त्या वेळचं बघा. टेक्सटाइलवाल्याच्या पगारात दोनशे-तीनशेची ओरिजनल कोण घेणार होतं? दुकानदारच म्हणायचा, "ओरिजनल हाय, पण कशाला?"

अनुस्वार | ५ मे, सकाळी ९:०२

२००७ च्या सुमारास मोझर बेअरने व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना आणली. धागाकर्त्यांनी त्याच साली गड्ड्यावर ३० मोजले. बोला.

मधलामारुती | ५ मे, सकाळी ९:०४

गप्प बसतो. (पण गड्डा जानेवारीत असतो हां.)

पद्मा_अशोकचौक | ५ मे, दुपारी २:२०

मूळ प्रश्नाकडे येते. बाळीवेसकर, चित्र स्वच्छ आहे की नाही हे नंतर बघा, आधी कव्हर उलटं करून भाषा वाचा. आमच्या घरात हे फार महागात पडलंय.

आम्ही सोलापूरच्या पूर्व भागातले, घरात तेलुगू. सासूबाईंना तेलुगू आणि कामापुरतं हिंदी-मराठी. दीर टेक्सासला असतात. २०११ साली आले तेव्हा मुलांसाठी कार्टून पिक्चरच्या सहा डीव्हीड्या आणल्या. एकदम चकचकीत डबे, आत रंगीत पुस्तिका. प्लेअरला घातल्या तर 'रीजन चुकीचा' (रीजन म्हणजे डिस्क जगाच्या कुठल्या भागात चालायची त्याचा नंबर) म्हणून सहाही बाहेर. मग लॅपटॉपला घातली. तो म्हणाला, रीजन बदलू का, मोजक्याच वेळा बदलता येईल. पोरांनी 'हो' दाबलं. अमेरिकेची लागली. दुसऱ्या दिवशी आपल्याकडची डीव्हीडी घातली, परत 'हो'. असं पाच वेळा चालतं, पाचव्यानंतर कुलूप. आमचं पाचवं 'हो' अमेरिकेचं होतं, त्यामुळे तो लॅपटॉप कायमचा अमेरिकेत स्थायिक झाला. आमच्या दिरांसारखाच.

बरं, लागली एकदाची. समुद्र, मासे, रंग, सगळं अप्रतिम. भाषा बघितली तर इंग्लिश, फ्रेंच, स्पॅनिश. सासूबाई दहा मिनिटं बघत होत्या, मग म्हणाल्या, "ई चेप एमंटोंदि?" हा मासा काय म्हणतोय? मोठा मुलगा तेव्हा पाचवीत, तो प्रत्येक वाक्य थांबवून तेलुगूत सांगायचा. दीड तासाचा पिक्चर तीन तास चालला आणि शेवटी धाकटी झोपून गेली.

तेव्हापासून नियम: मागच्या पट्टीवर 'ऑडिओ' आणि 'सबटायटल' वेगवेगळं वाचायचं. 'हिंदी' हा शब्द सबटायटलच्या ओळीत असतो आणि आपण समजतो हिंदीत बोलेल. व्हीसीडीला तर भाषा बदलायची सोय सहसा नसते, त्यामुळे इंग्लिशची व्हीसीडी वेगळी आणि हिंदीची वेगळी निघायची, दोघींवर तेच चित्र. एका डीव्हीडीत आठ भाषांचे आवाज बसू शकतात, पण बसू शकतात म्हणजे बसवलेत असं नाही.

विंगवाला | ५ मे, दुपारी ३:५०

पद्माताई, लॅपटॉप अमेरिकेत स्थायिक 👌

रीजनचं थोडं खुलासेवार लिहितो, कारण हल्ली जुन्या डिस्क परदेशातून मागवायचं फॅड आलंय. डीव्हीडीत अमेरिका-कॅनडा १, युरोप, जपान आणि आखाती देश २, आपण ५. ब्लू-रेत आकडे नाहीत, अक्षरं आहेत: अमेरिका आणि जपान ए, युरोप-ऑस्ट्रेलिया बी, भारत-चीन-रशिया सी. ४के अल्ट्रा एचडी डिस्कला ही भानगड नाही. दुबईच्या आतेभावाने आणलेली डीव्हीडी २ नंबरची असणार, तीही आपल्या सरळमार्गी प्लेअरवर चालायची नाही. पण आपल्याकडे विकले गेलेले स्वस्त प्लेअर बहुतेक सगळे रीजन खातात, त्यांना देशाभिमान नाही. डब्यावर 'रीजन ०' किंवा 'ऑल' असलेल्या डिस्कला कुठेच अडत नाही.

दुसरी शंका लोक हमखास काढतात, "परदेशी डिस्कवर पिक्चर १०० मिनिटांचा लिहिलाय, आपल्यावर ९६, चार मिनिटं कापली काय?" कापली नाहीत. पिक्चर सेकंदाला २४ चित्रांनी बनतो. आपली टीव्हीची पाल पद्धत सेकंदाला २५ दाखवते. तेवढा तो चार टक्के पळतो, आणि आवाजही किंचित बारीक होतो. अमेरिकेची पद्धत वेगळी, तिथे वेळ तीच राहते. कान तयार असलेल्या माणसाला गाण्याची पट्टी चढलेली कळते, आपल्याला नाही.

मध्येच उठतोय, पाणी आलं. चार दिवसांनी आलंय, आधी ते.

ढगातला | ५ मे, संध्या. ६:१०

२०२६ मध्ये डिस्क कोण विकत घेतं राव? सगळं ओटीटीवर आहे. टीव्हीला जाहिरात नसलेलं सबस्क्रिप्शन घ्या, पॅरेंटल लॉक टाका, विषय संपला. माळ्यावरचा प्लेअर भंगारात घाला, त्यातून शेंगा चटणीचे पैसे तरी सुटतील.

जुनीरीळ | ५ मे, संध्या. ६:४५

'सगळं' आहे म्हणता, तर आज आहे. पुढच्या महिन्यात कराराची मुदत संपली की नाही. ॲप विलीन होतं, नाव बदलतं, यादी हलते. 'विकत घ्या' बटण दाबून पैसे भरले तरी खालच्या बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं की तुम्हाला बघायचा परवाना दिलाय. पिक्चर तुमचा नाही. माझ्या माळ्यावर ३०० डिस्क आहेत, त्या मात्र माझ्या. म्हणजे बायकोच्या मते अडगळ, पण माझ्या.

हुतात्मा_डी२ | ५ मे, रात्री ९:३०

ढगातला, ओटीटीला विरोध नाही, पण एक सांगतो.

तो जपानी-भारतीय 'रामायण' आठवतो ना? युगो साको, राम मोहन आणि कोइची सासाकी, नव्वदच्या दशकातला. आमच्या पिढीने टीव्हीवर हिंदीत पाहिला. रामाला अरुण गोविल, रावणाला अमरीश पुरी, निवेदनाला शत्रुघ्न सिन्हा. बाबांना तो रावण फार आवडायचा. "बोलतो कसा बघ," म्हणायचे, आणि मग आम्हाला अभ्यासाला बसवताना त्याच आवाजात ओरडायचे.

२४ जानेवारी २०२५ ला तो ४के करून देशभर थेटरात लावला. मी पुण्याला असतो, बाबांना सोलापूरहून हुतात्मा एक्सप्रेसने बोलावून घेतलं. रंग असे, की हातात यावेत. जंगलातली पानं मोजून घ्यावीत. दहा मिनिटं गेली आणि बाबा माझ्याकडे वळून बघायला लागले. हिंदी आवाज नवीन होते, सगळं पुन्हा डब केलेलं. मध्यंतरात पॉपकॉर्नच्या रांगेत म्हणाले, "रावण बदलला की रे."

नव्या कलाकारांनी वाईट केलंय असं नाही. पण ज्याला आपण 'तो पिक्चर' म्हणतो त्यातलं अर्धं आवाजात असतं, आणि कार्टूनमध्ये तर जास्तच, कारण चित्राला स्वतःचा गळा नाही. अमेरिकेत त्याचंच 'प्रिन्स ऑफ लाइट' नाव ठेवून जेम्स अर्ल जोन्सच्या आवाजात निवेदन आहे. चित्र तेच. आमच्या बाबांना ते दाखवलं तर ते उठून जातील. तुमच्या ओटीटीवर कुठला आवाज चढवलाय, उद्या कुठला चढवतील, हे आपल्या हातात नसतं. डिस्कवर जो छापला तो छापला.

पद्मा_अशोकचौक | ५ मे, रात्री ९:५२

+१०० "चित्राला स्वतःचा गळा नाही." सासूबाईंना वाचून दाखवलं.

ढगातला | ५ मे, रात्री १०:०५

ठीक आहे, आवाजाचा मुद्दा मान्य. तरी भंगाराचा मुद्दा मागे घेत नाही.

चिमणी_दाणा | ६ मे, सकाळी ११:१२

थोडं अवांतर. मराठीत मुलांसाठी असं काय आहे? कार्टून पिक्चर म्हटलं की हिंदी नाहीतर इंग्लिश. २०१८ ला 'प्रभो शिवाजी राजा' आला होता तेवढा आठवतो, भागवत थेटरला पाहिला. बाकी सगळं आपण हिंदीतूनच घेतो. माझा मुलगा भीमाला 'बलवान' न म्हणता 'ताकतवर' म्हणतो.

जुनीरीळ | ६ मे, सकाळी ११:४०

लायब्ररीत मराठी कार्टूनची वेगळी फळी कधी भरलीच नाही हो. गोष्टींच्या सीड्या होत्या, हलणारी चित्रं आणि मागे कुणीतरी गोष्ट वाचतंय, तेवढंच. आणि गंमत बघा, देशभर गाजलेलं १९७४ चं 'एक अनेक और एकता' फिल्म्स डिव्हिजनसाठी केलं ते विजया मुळे यांनी. मराठी बाई, पण चिमणी हिंदीत मोजली.

मंडळाचा_खजिनदार | ६ मे, दुपारी १२:३०

धागा बघून सुचलं. गणपतीत मंडळापुढे पडदा लावून हाच पिक्चर पोरांना दाखवला तर चालेल का? डीव्हीडी ओरिजनल घेऊ, तिकीट नाही.

अनुस्वार | ६ मे, दुपारी १२:४४

कव्हरवर छापलेलं असतं, 'फक्त घरगुती पाहण्यासाठी'. डिस्क विकत घेतली म्हणजे चारचौघांत दाखवायचा हक्क मिळत नाही, तिकीट असो वा नसो. हक्कदाराचा पत्ता कव्हरवरच असतो, त्यांना लेखी विचारा. लहान मंडळ आहे म्हणून सांगा.

बाळीवेसकर | ६ मे, रात्री ९:१५

सर्वांचे आभार, एवढं येईल असं वाटलं नव्हतं. आईला वाचून दाखवतोय. "जांभळी" वर ती अजून माझ्याकडे बघून हसते.

आता टीव्हीचं सांगा ना कुणीतरी. माझ्या साडूने पेन ड्राइव्हसारखा लागणारा डीव्हीडी ड्राइव्ह दिला, टीव्हीच्या यूएसबीला लावला. टीव्ही ढिम्म.

विंगवाला | ६ मे, रात्री ९:४८

राहणारच. तो ड्राइव्ह संगणकासाठी असतो. टीव्हीला पेन ड्राइव्हमधली फाइल वाचता येते, फिरती डीव्हीडी चालवायचं सॉफ्टवेअर त्यात नसतं. परत करा साडूला.

आधी टीव्हीची मागची बाजू नीट बघा. काही टीव्हींना तीन भोकांऐवजी हेडफोनसारखं एकच बारीक भोक असतं, 'एव्ही इन' लिहिलेलं. त्याला एका टोकाला बारीक पिन आणि दुसरीकडे लाल-पांढरी-पिवळी अशी वायर लागते. मात्र सगळ्या वायरींत पिनवरची जोडणी सारखी नसते. चुकीची लागली तर चित्र काळं-पांढरं लोळतं किंवा चित्राच्या जागी गुरगुर ऐकू येते. तेही नसेल तर एव्ही-टू-एचडीएमआय नावाची काड्यापेटीएवढी डबी मिळते. घेताना दिशा बघा! एचडीएमआय-टू-एव्ही ही उलटी डबी अगदी तशीच दिसते, आणि दुकानदार घाईत तीच देतो.

नवा प्लेअर घेणार असाल तर एचडीएमआयवाला डीव्हीडी प्लेअर घ्या, बहुतेक जुन्या व्हीसीड्याही खातो. नातेवाइकाच्या पोराच्या गेम कन्सोलवर विसंबू नका. डिस्कवाला प्लेस्टेशन ५ डीव्हीडी आणि ब्लू-रे चालवतो, पण सीडी-व्हीसीडीला तोंड लावत नाही.

आणि डिस्क आणली की गाडीत विसरू नका. मागच्या मे महिन्यात मी सिद्धेश्वर तलावाजवळ गाडी लावून अर्धा तास गेलो, डॅशबोर्डवरची डिस्क परत आलो तेव्हा पापडासारखी झाली होती.

सातरस्ता | ७ मे, सकाळी १०:२०

कुठे मिळेल यावर कुणी बोललंच नाही. माझा अनुभव: नव्या पेठेतली जी दुकानं तेव्हा सीडी-कॅसेटची होती ती आता मोबाईल कव्हर आणि टेम्पर्ड ग्लासची झालीत, पण मालक तेच आहेत. समोरच्या पोराला विचारू नका, तो 'नाही' म्हणणार. आत गल्ल्यावर बसलेल्या म्हाताऱ्याला विचारा. पुण्यात बुधवार-रविवारी जुन्या बाजारात ढीग असतात, पण तिथे डबा एकाचा आणि आत डिस्क दुसऱ्याची, उघडून बघितल्याशिवाय पैसे देऊ नये. मुंबईचं ऱ्हिदम हाऊस २०१६ ला बंद झालं, नाहीतर तिथे पाठवलं असतं. ऑनलाइन जुनी घेणार असाल तर विकणाऱ्याला चमकत्या बाजूचा फोटो मागा, कव्हरचा नको. टाळाटाळ केली तर समजून जा.

पॅक दिसते म्हणून भुलू नका. प्लास्टिक आवळायचं मशीन कुणाकडेही असतं.

अण्णा_टिळकचौक | ७ मे, सकाळी ११:०२

माझ्याकडे एक लिंक आहे, फुल एचडी, हिंदी-तेलुगू दोन्ही, डाउनलोड करून पेन ड्राइव्हला टाका, फुकट [लिंक काढली आहे]

संपादक | ७ मे, सकाळी ११:२०

अशा लिंका इथे चालत नाहीत. अण्णा, दुसरी वेळ आहे.

अण्णा_टिळकचौक | ७ मे, सकाळी ११:२३

बरं बरं. मदत करावी म्हटलं.

बाळीवेसकर | १९ मे, रात्री १०:५०

मिळाली!

उशीर झाला कळवायला. नव्या पेठेत चार दुकानं फिरलो. तिघांनी "आता कोण घेतंय ओ" म्हणून हसून परत पाठवलं. चौथ्या ठिकाणी सातरस्ता म्हणाले तसं केलं, पोराला ओलांडून आत गेलो. मालकांचं वय सत्तरीच्या पुढे. 'हनुमान' म्हटल्यावर त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि पोराला शिडी आणायला सांगितली. माळ्यावरून चादरीच्या गठ्ठ्याचं एक खोकं खाली आलं, वर बोटभर धूळ. त्यात उभ्या लावलेल्या शे-दीडशे डिस्क. त्यांनी एकेक बोटाने पाडत बघितल्या, जशी लायब्ररीत कार्डं बघतात. एक निघाली. डीव्हीडी.

मी तिथेच उलटी केली. पोरगा बघतच राहिला, असं गिऱ्हाईक त्याला नवं असावं. मागे प्रमाणपत्राची बारकी प्रत, 'यू'. पत्ते दोन. ऑडिओ हिंदी. खालची बाजू ट्यूबखाली धरली, चांदी. शंभराची नोट दिली, त्यांनी दहा परत दिले आणि वर म्हणाले, "चालली नाही तर घेऊन या, पण बदलून द्यायला दुसरी नाही."

टीव्हीला एव्हीचं भोक निघालं नाही. डबी घेतली, पहिल्यांदा उलटीच दिली गेली (विंगवाला, तुमची आठवण काढली), बदलून आणली. प्लेअर शेजाऱ्यांचा.

रविवारी दुपारी लावली. आई, भाचा, मी, पंख्याखाली. लंकेचा भाग आला तसा मीच जास्त टीव्हीकडे बघत होतो, अडकते की काय. नाही अडकली. शेपूट पेटली, पहिलं घर पेटलं. आणि आईने सवयीने सुरू केलं, "मग मारुतीने काय केलं..." हातही वर गेला.

भाच्याने तिच्या मांडीवर थापटी मारली. "आज्जी, गप. आता तो दाखवतोय."

आई गप्प बसली. दोन मिनिटांनी परत पुटपुटायला लागली, बारीक आवाजात, पिक्चरच्या पुढे एक वाक्य. शेवटपर्यंत तसंच चाललं.

दुसऱ्या दिवशी भाचा विचारतो, "ती बंद पडणारी कुठाय?" ती त्याला हवीय म्हणे. दोन्ही ठेवल्यात.

पद्मा_अशोकचौक | १९ मे, रात्री ११:०४

वा! आजींना नमस्कार सांगा. घशाला खडीसाखर द्या.

जुनीरीळ | १९ मे, रात्री ११:१०

अभिनंदन. जांभळी सीडी संगणकात घालून 'एमपेगएव्ही' फोल्डरमधली डॅट फाइल जेवढी उतरते तेवढी उतरवून ठेवा. अजून विटेल ती.

अनुस्वार | २० मे, सकाळी ८:१५

ओरिजनल घेतलीत, बरं वाटलं. (जांभळी ठेवायला नको होती.)

हुतात्मा_डी२ | २० मे, सकाळी ८:३०

खोक्यात अजून काय काय होतं? 'रामायण' होतं का, जुन्या आवाजातलं?

बाळीवेसकर | २० मे, सकाळी ९:००

सगळं नाही बघितलं, मागे गिऱ्हाईक उभं होतं. देवादिकांचे बरेच होते, गणपतीचे तीन-चार तरी. इंग्लिशचे खाली होते. 'रामायण' विचारून ठेवतो.

पद्मा_अशोकचौक | २० मे, सकाळी ९:१०

तेलुगू ऑडिओ असलेलं काही दिसलं तर माझ्यासाठी बाजूला ठेवायला सांगा. दुकान नक्की कुठे?

बाळीवेसकर | २० मे, सकाळी ९:२५

व्यनि (खाजगी निरोप) केलाय दोघांना. दुपारी दीड ते चार बंद असतं, आणि पोराला विचारू नका.